टाकणखाराचं भावंड: दाबलं की वीज देणारे बोरेटचे स्फटिक

१८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या दोघा भावांनी निरनिराळ्या स्फटिकांच्या चकत्या कापल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना धातूचा वर्ख लावला आणि त्या दाबून पाहिल्या. दाब पडला की एका अंगावर धन आणि दुसऱ्या अंगावर ऋण विद्युतभार जमा होत होता. ज्या पदार्थांत हे दिसलं त्यांत क्वार्ट्ज होतं, टूर्मलीन होतं, पुष्कराज होता आणि उसाची साखरही होती. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणिताने दाखवलं की याच्या उलटही घडायला हवं, म्हणजे वीज दिली तर स्फटिकाने किंचित आखडायला किंवा फुगायला हवं. क्युरी बंधूंनी तेही लगेच पडताळून पाहिलं. या गुणाला पिझोइलेक्ट्रिक गुण म्हणतात. मनगटावरचं क्वार्ट्जचं घड्याळ, सोनोग्राफीचा प्रोब, स्वयंपाकघरातला खटका मारायचा गॅस लायटर, सगळे याच गुणावर चालतात.

कोल्हापुरात बसून हा विषय समजून घ्यायची मोठी सोय आहे. या जिल्ह्यात स्फटिक वाढवणं हा हजारो लोकांच्या पोटापाण्याचा धंदा आहे, कारण साखर कारखाना म्हणजे स्फटिक वाढवण्याचाच कारखाना. हुपरीच्या चांदी कारागिरांच्या हाताखालून बोरेट, म्हणजे बोरॉन आणि ऑक्सिजन यांचा क्षार, रोज वितळून जातं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत धातूचा रस करणाऱ्या इंडक्शन भट्ट्या दिवसरात्र चालतात. बोरेटचे एकस्फटिक वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतात.

आधी दाबल्यावर वीज का येते ते पाहू. स्फटिकात अणू एका ठरावीक नक्षीत बसलेले असतात आणि तीच नक्षी तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येत राहते. काही नक्ष्या अशा असतात की मधला एक बिंदू धरला, तर त्याच्या एका बाजूला जे आहे तेच बरोबर समोरच्या बाजूलाही सापडतं. खायचं मीठ असंच. असा स्फटिक दाबला तर जेवढा भार इकडे सरकतो तेवढाच तिकडे उलट सरकतो आणि बेरीज शून्य होते. वीज हवी असेल तर असा मध्यबिंदू नक्षीत असता कामा नये. निसर्गातले सगळे स्फटिक सममितीनुसार ३२ वर्गांत बसतात. त्यांतल्या २१ वर्गांत मध्यबिंदू नाही, आणि त्या २१ पैकी २० वर्गांत पिझोइलेक्ट्रिक गुण असू शकतो. सुटलेल्या एका वर्गात सममितीचे बाकीचे नियमच इतके कडक आहेत की सरकलेला भार पुन्हा एकमेकांना काटतो.

दुसरी अट तितकीच महत्त्वाची आहे: सगळा तुकडा एकाच स्फटिकाचा हवा. गुळाच्या रव्यात, म्हणजे ढेपेत, साखरेचे असंख्य बारीक दाणे असतात, पण प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. एकाने दिलेली वीज दुसरा खाऊन टाकतो. खडीसाखरेच्या एका मोठ्या, स्वच्छ खड्यात मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत रेणू एकाच शिस्तीत उभे असतात. गॅस लायटरमधली सिरॅमिकची कांडी दाणेदारच असते, पण तिच्या दाण्यांची दिशा जोरदार विद्युतक्षेत्र लावून वळवता येते. क्वार्ट्जची किंवा ज्या बोरेटबद्दल मला सांगायचं आहे त्याची दिशा अशी वळवता येत नाही. तिथे अखंड एकस्फटिक वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता हुपरीला जाऊ. पैंजणाच्या कड्या झाळताना कारागीर सांध्याला पाण्यात कालवलेला टाकणखार लावतो, वर डाग, म्हणजे सांधा जोडणारा मिश्रधातूचा तुकडा, ठेवतो आणि ज्योत फिरवतो. टाकणखार म्हणजे सोडियमचं बोरेट. त्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू अडकलेले असतात, आणि वजनाच्या हिशेबाने जवळजवळ निम्मा टाकणखार म्हणजे पाणीच. ज्योत लागताच ते पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि खार पांढराशुभ्र फुगतो, यालाच टाकणखाराची लाही म्हणतात. आणखी उष्णता दिली की लाही बसते, वितळते आणि सांध्यावर काचेसारखा पारदर्शक थेंब पसरतो. चांदीत मिसळलेल्या तांब्यावर ज्योतीत जो काळा ऑक्साइडचा थर येतो तो हा थेंब स्वतःत विरघळवून घेतो, म्हणून डाग मोकळेपणाने वाहतो. काम झाल्यावर तो थेंब थंड होतो, पण त्याचा स्फटिक होत नाही. त्याची काच होते.

हा काचेचा थेंब मला फार बोलका वाटतो, कारण बोरेटचे गुण आणि बोरेटचा त्रास दोन्ही त्यात दिसतात. बोरॉनचा अणू कधी तीन ऑक्सिजनांना धरून सपाट त्रिकोण करतो, तर कधी चार ऑक्सिजनांना धरून चौफेर टोकं असलेली चौफलकी आकृती करतो. हे त्रिकोण आणि चौफलक कोपऱ्याला कोपरा जोडून कडी, साखळी, जाळी, काय म्हणाल ते बांधतात. त्रिकोणाला मुळातच समोरासमोरची सममिती नाही, चौफलकालाही नाही. त्यामुळे बोरेटांत मध्यबिंदू नसलेल्या रचना इतर अजैविक स्फटिकांच्या मानाने खूपच जास्त सापडतात. पिझोइलेक्ट्रिक पदार्थ शोधणारे या घराण्याकडे पुन्हा पुन्हा वळतात ते यासाठी. पण हीच बांधाबांधीची सवय वितळलेल्या रसातही सुटत नाही. रसात साखळ्या आणि जाळ्या तशाच अर्धवट राहतात, रस घट्ट होतो आणि गार होताना अणूंना आपापल्या जागी जाऊन बसायला सवडच मिळत नाही. मग काच.

त्रिकोण आणि चौफलक असले म्हणजे वीज आलीच असंही नाही. टाकणखाराच्या स्फटिकात दोन त्रिकोण आणि दोन चौफलक मिळून एक गट होतो. लिथियम टेट्राबोरेट नावाच्या स्फटिकातही दोन त्रिकोण आणि दोन चौफलकांचाच गट असतो. पण टाकणखारात हे गट अशा जोडीने बसतात की प्रत्येकासमोर त्याचा उलटा जोडीदार येतो, मध्यबिंदू तयार होतो आणि पिझोइलेक्ट्रिक गुण संपतो. लिथियम टेट्राबोरेटमध्ये गटांची मांडणी एका अक्षाच्या दिशेने एकतर्फी आहे. विटा त्याच, भिंत वेगळी. या एका फरकामुळे टाकणखार झाळकामात राहिला आणि त्याच्या या भावंडावर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची नजर गेली.

किती वीज येते? लिथियम टेट्राबोरेटची चकती त्या खास अक्षाच्या दिशेने दाबली तर प्रत्येक न्यूटन बलामागे साधारण २० ते २४ पिकोकूलोंब (विद्युतभाराचं अतिसूक्ष्म एकक) भार मिळतो. चकतीवर एक किलोचं वजन ठेवलं, म्हणजे साधारण दहा न्यूटन, तर दोनशेहून जास्त पिकोकूलोंब. आकडा बारका वाटतो, पण एवढ्या भारात शंभर कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन येतात आणि आजचे भारमापक तो सहज मोजतात. क्वार्ट्जमध्ये हाच आकडा न्यूटनमागे सुमारे २.३ आहे, म्हणजे हे बोरेट त्याच्या जवळजवळ दहापट. लायटरमधलं शिसेयुक्त सिरॅमिक शेकड्यांत भार देतं. मग बोरेटच्या मागे कशाला लागायचं, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर तापमानात आहे, पण त्याआधी स्फटिक वाढवून घेऊ, कारण खरी कसोटी तिथे लागते.

कच्चा माल साधा आहे: लिथियम कार्बोनेट आणि बोरिक ॲसिड, म्हणजे कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर, फक्त अतिशुद्ध. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळून तापवले की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते आणि मागे लिथियम टेट्राबोरेट उरतं. वाफ निघताना मिश्रण लाहीसारखंच फुगून भांड्याबाहेर येतं, म्हणून उष्णता टप्प्याटप्प्याने द्यावी लागते. भांडं म्हणजे क्रुसिबल प्लॅटिनमचं. उष्णतेत बोरॉन ऑक्साइड थोडं थोडं उडून जातं आणि प्रमाण बिघडतं, म्हणून बोरिक ॲसिड सुरुवातीलाच किंचित जास्त घालतात. ९१७ अंश सेल्सिअसला सगळं वितळतं. या पदार्थाचं एक भाग्य असं की रसाचं आणि स्फटिकाचं रासायनिक प्रमाण सारखंच राहतं, म्हणून तो थेट रसातून वाढवता येतो.

थेट रसातून वाढवण्याची पद्धत यान चोक्राल्स्की या पोलिश धातुशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १९१६ साली बर्लिनमध्ये त्यांनी वितळलेल्या कथिलातून बारीक तार ओढून पाहिली आणि ती तार अखंड एका स्फटिकाची निघाली. आज संगणकाच्या चिपांसाठीचं सिलिकॉनही याच पद्धतीने वाढवतात. रसाच्या वर एका दांडीला छोटं बीज बांधलेलं असतं, त्याच पदार्थाचा, योग्य दिशेने कापलेला तुकडा. बीज हळूहळू खाली आणून रसाला टेकवतात. टेकताच रस त्याच्याभोवती किंचित वर चढतो आणि बीजाभोवती एक चमकणारं कडं दिसतं. पुढची काही मिनिटं नजर त्या कड्यावर खिळवून ठेवावी लागते. रस जास्त गरम असेल तर बीजाचं टोक वितळून दांडी मोकळी वर येते. जरा थंड असेल तर बीजापासून रसाच्या पृष्ठभागावर सुया धावत सुटतात आणि एकाच्या जागी अनेक स्फटिक होतात. तापमान बरोबर साधलं की दांडी फिरवत फिरवत वर ओढायला सुरुवात करतात. आधी बारीक मान ठेवतात, मग हळूहळू खांदा रुंदावतो आणि शेवटी सरळ अंग वाढू लागतं.

साखर कारखान्यातल्या पॅनमनला, म्हणजे मोठ्या पॅनमध्ये पाक आटवून साखरेचे दाणे वाढवणाऱ्या कामगाराला, यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. पॅनमध्ये तोही बारीक साखरेचं बीज सोडतो, पाक इतकाच आटवतो की असलेले दाणे वाढतील पण नवे जन्माला येणार नाहीत. पाक जास्त कसला तर फॉल्स ग्रेन, म्हणजे नको असलेले नवे दाणे, पडतो आणि सगळी पॅन बिघडते. बोरेटच्या रसावर दिसणाऱ्या त्या सुया म्हणजे फॉल्स ग्रेनच. फरक वेळेचा आहे. साखरेची पॅन काही तासांत उतरते. लिथियम टेट्राबोरेट मात्र तासाला अर्ध्या मिलिमीटरच्याही आतल्या वेगाने ओढावं लागतं. बोटभर स्फटिकाला आठवडा जातो आणि त्या आठवड्यात भट्टीचं तापमान एका अंशानेही डळमळून चालत नाही. वीज पाच मिनिटं गेली तरी स्फटिकात पट्टा उमटतो किंवा तो रसात पक्का बसतो, म्हणून अशा भट्टीला बॅटरीचा आधार हवाच.

एवढं हळू का? रस काकवीसारखा घट्ट असतो, हे एक कारण. पण मूळ कारण बोरॉनच्या त्याच सवयीत आहे. रस तापलेला असताना बरेचसे चौफलक मोडून त्रिकोण झालेले असतात. स्फटिकात मात्र निम्मे बोरॉन चौफलकातच हवेत. म्हणजे वाढत्या पृष्ठभागाशी आलेला बोरॉनचा प्रत्येक गट आधी सोडवायचा, त्यातल्या काहींना चौथा ऑक्सिजन द्यायचा, मग योग्य तोंडाने बसवायचं. घाई केली की अर्धवट बसलेले गट आत अडकतात, बुडबुडे राहतात आणि स्फटिकाचा गाभा दुधाळ होतो. असा दुधाळ गाभ्याचा स्फटिक बाहेरून कितीही देखणा असला तरी चकत्या कापायच्या कामाचा नाही.

ओढून झाल्यावरही सुटका नाही. हा स्फटिक एका अक्षाच्या दिशेने जेवढा प्रसरण पावतो त्यापेक्षा त्याला आडव्या दिशेने कितीतरी जास्त. भरभर थंड केला की दोन दिशांची ओढाताण होऊन तो तडकतो. म्हणून भट्टी बंद न करता तासागणिक थोडी थोडी उतरवतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे स्फटिक वाढवण्याचं काम झालेलं आहे. तिथल्या कामाला आणखी एक कारण आहे. नैसर्गिक बोरॉनचा सुमारे पाचवा हिस्सा बोरॉन-१० हा असतो आणि तो न्यूट्रॉन जोरात शोषतो, लिथियम-६ सुद्धा शोषतो. त्यामुळे हे बोरेट किरणोत्सर्ग मोजण्याच्या कामालाही येतं.

आता तापमान. स्फटिकाच्या पृष्ठभागावर बोटांच्या कंगव्यासारख्या दोन बारीक धातूपट्ट्या उमटवून त्यांना वीज दिली की पृष्ठभागावरून ध्वनीची लाट धावते. ती सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते, रेडिओलहरीच्या जवळजवळ लाखाव्या हिश्श्याच्या वेगाने. त्यामुळे रेडिओच्या वारंवारतेची लहर काही मायक्रोमीटरमध्ये मावते, आणि हवी ती वारंवारता ठेवून बाकीच्या गाळणारा फिल्टर नखाएवढ्या चकतीवर बसतो. मोबाइलमध्ये असे फिल्टर असतात. अडचण अशी की लिथियम नायोबेटसारखा जोमदार पिझोइलेक्ट्रिक पदार्थ तापला की त्याची वारंवारता सरकते. दर अंशामागे दहा लाखांत सत्तर-ऐंशी भागांनी सरकली तर पहाटे पन्हाळ्यावर जुळलेला फिल्टर दुपारी उन्हात शेजारच्या पट्ट्यात जाऊन बसतो. क्वार्ट्ज योग्य कोनात कापलं तर सरकत नाही, पण वीज आणि लाट यांची देवाणघेवाण त्यात फार अशक्त असते. १९८१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी लिथियम टेट्राबोरेट या कामासाठी पुढे आणलं ते याच कात्रीतून सुटायला. याच्या ठरावीक छेदात तापल्याने होणारं प्रसरण आणि तापल्याने बदलणारा ताठरपणा एकमेकांना काटतात, आणि नेहमीच्या तापमानाच्या आसपास वारंवारता जवळजवळ स्थिर राहते. देवाणघेवाणीत तो क्वार्ट्जच्या कितीतरी पुढे आणि लिथियम नायोबेटच्या मागे, असा मधला.

तरीही बाजारात लिथियम नायोबेट आणि लिथियम टँटलेटच पुढे राहिले. मला यात आश्चर्य वाटत नाही. आठवडाभर ओढून बोटभर मिळणारा स्फटिक महाग पडणारच. शिवाय पाणी आणि आम्ल याच्या पृष्ठभागाला खातात, आणि बारीक पट्ट्या उमटवायच्या प्रक्रियेत दोन्ही लागतात.

घराण्यातले बाकीचे थोडक्यात. बेरियम बोरेट आणि लिथियम ट्रायबोरेट हे चीनमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात पुढे आणलेले स्फटिक; त्यांचं नाव झालं ते लेसरचा रंग बदलण्यासाठी, अदृश्य अवरक्त किरणाचा हिरवा करण्यासाठी. बेरियम बोरेट थेट रसातून काढायला गेलं तर बहुधा नको असलेलं, मध्यबिंदू असणारं रूप मिळतं, कारण हवं ते रूप ९२५ अंशांच्या खालीच टिकतं. म्हणून ते सोडियम ऑक्साइडच्या द्रावणातून वाढवतात, साखर पाकातून वाढते तसं. बिस्मथ ट्रायबोरेट न्यूटनमागे सुमारे ४० पिकोकूलोंब देतं, क्वार्ट्जच्या पंधरापटीहून जास्त, आणि त्याचा रस या सगळ्यांत कुप्रसिद्ध घट्ट.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती यिट्रियम कॅल्शियम ऑक्सिबोरेटबद्दल. यात बोरॉन फक्त सुट्या त्रिकोणांत असतो. चौफलक नाहीत, जाळी नाही. त्यामुळे रस पातळ असतो आणि गट सोडवून बांधायची कटकटच नाही. स्फटिक तुलनेने सरळ वाढतो. अडचण फक्त एवढी की वितळायला सुमारे १५१० अंश लागतात, फाउंड्रीतल्या लोखंडाच्या रसापेक्षाही जास्त. प्लॅटिनमही तिथे पुरेसं निर्धास्त राहत नाही, इरिडियमचं क्रुसिबल लागतं आणि ते फार महाग. तापवायची रीत शिरोलीतलीच, इंडक्शनची. फक्त फाउंड्रीत प्रवाह धातूच्या रसातच फिरतो, इथे तो इरिडियमच्या भिंतीत फिरतो आणि भिंत रसाला तापवते.

हा स्फटिक न्यूटनमागे साधारण १० पिकोकूलोंबच देतो. पण वितळेपर्यंत त्याची रचना बदलत नाही. क्वार्ट्ज ५७३ अंशांना रूप बदलतं. शिसेयुक्त सिरॅमिकचा गुण साडेतीनशेच्या आसपास संपतो. लिथियम टेट्राबोरेट तापलं की त्यातले लिथियम आयन अक्षाच्या दिशेने वाहायला लागतात आणि जमलेला भार आतल्या आत गळून जातो. ऑक्सिबोरेटमध्ये ८०० अंशांनाही रोध दहा कोटी ओहम-सेंटीमीटरच्या वर राहतो, म्हणून भार मोजेपर्यंत टिकतो. प्रयोगशाळांत हजार अंशांपर्यंत यांचे कंपनमापक चालवून पाहिले आहेत. विमानाच्या जेट इंजिनात किंवा वीजकेंद्राच्या गॅस टर्बाइनमध्ये कंपन मोजायचं तर आज संवेदक गरम भागापासून लांब बसवावा लागतो. असा स्फटिक थेट ज्वालेच्या शेजारी बसू शकेल. तिथे आता स्फटिकापेक्षा बाकीच्याच गोष्टी आधी हात टेकतात. कोणताही गोंद त्या उष्णतेत टिकत नाही, म्हणून चकत्या बोल्टने आवळून धरतात. वायरीवरचं आवरण सिरॅमिकचं लागतं, आणि तारेचा सांधा झाळता येत नाही, कारण हुपरीतला चांदीचा डाग त्या तापमानाला केव्हाच वाहून गेलेला असतो.